संकल्प विहारात, उपचार दवाखान्यात



एका १४ ऑक्टोबरची गोष्ट. रत्नागिरी तालुक्यातल्या एका बौद्धवाडीत सकाळी वंदना झाली. पन्नाशीतले एक काका उठले, बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर हात जोडून उभे राहिले आणि म्हणाले, "आजपासून एक थेंब नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका चिरेखाणीवर कामाला जायचे. वीस-बावीस वर्षे रोज संध्याकाळी पीत होते, आणि शेवटची काही वर्षे सकाळीही.

तिसऱ्या रात्री दीड वाजता त्यांच्या घरून आम्हाला फोन आला. "ताई, ह्यांना भिंतीवर मुंग्या दिसतायत. अंग घामानं भिजलंय, हात थरथरतायत, मला ओळखत नाहीत." मागून कोणीतरी बोलत होते, "बाहेरचं लागलंय, भगताला बोलवा." दुसरा म्हणत होता, "दोन घोट पाजा, शांत होईल." आम्ही एवढेच सांगितले की तोंडात काही घालू नका, आधी १०८ ला फोन करा. गाडी आली, काका रुग्णालयात पोहोचले. पाच दिवसांनी शुद्धीवर, स्वतःच्या पायांनी घरी आले.

काकांचा संकल्प चुकीचा नव्हता. आपली तयारी अपुरी होती. टाळ्या वाजवणाऱ्या आपल्यापैकी एकानेही विचारले नाही, "काका, रोज किती घेता? डॉक्टरांना दाखवलंत का?" आम्ही नर्सिंग शिकलेल्या, पण आम्हीही त्या दिवशी विचारले नाही. म्हणून आजचा पाठ.

दारू सोडल्यावर शरीरात काय होते

दारू मेंदूला मंद करते. रोज भरपूर दारू मिळाली की मेंदू तिच्याविरुद्ध जोर लावून स्वतःला जागे ठेवायला शिकतो. एक दिवस दारू अचानक थांबते, पण मेंदूचा जोर थांबत नाही. मग जे होते त्याला वैद्यकीय भाषेत 'विथड्रॉवल' म्हणतात. ते साधारण असे पुढे सरकते :

१. शेवटच्या घोटानंतर सहा ते आठ तासांत : हात थरथरणे, घाम, मळमळ, छातीत धडधड, झोप न येणे, चिडचिड.

२. पहिल्या दोन दिवसांत : काहींना फिट येते. ज्याला पूर्वी दारू सोडताना फिट आली आहे, त्याला पुन्हा येण्याचा धोका जास्त.

३. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात : काहींना भ्रम होतो. किडे-मुंग्या दिसतात, आवाज ऐकू येतात, ताप चढतो, माणसे ओळखू येत नाहीत. ही भूतबाधा नाही आणि वेडही नाही. हा जिवावर बेतणारा आजार आहे, आणि वेळेवर उपचार मिळाला तर तो बरा होतो.

प्रत्येक पिणाऱ्याला एवढा त्रास होत नाही. पण जो रोज पितो, ज्याला सकाळी उठल्यावर हात स्थिर करायला घोट लागतो, ज्याला पूर्वी फिट आली आहे किंवा ज्याला काविळीचा, साखरेचा अथवा हृदयाचा आजार आहे, त्याने घरच्या घरी एकदम दारू बंद करू नये. आधी डॉक्टर, मग तारीख. रुग्णालयात मेंदू शांत ठेवणारी औषधे देतात आणि काही दिवसांत ती हळूहळू कमी करत नेतात. बी-१ हे जीवनसत्त्वही देतात, कारण जास्त पिणाऱ्याच्या शरीरात ते संपत आलेले असते आणि त्याच्या अभावाने स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. मेडिकलमधून झोपेच्या गोळ्या आणून हे घरी करायला जाऊ नका.

फिट आलीच तर माणसाला कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टणक वस्तू बाजूला करा आणि १०८ ला फोन करा. तोंडात चमचा घालू नका. कांदा किंवा चप्पल हुंगवू नका.

"बिअर म्हणजे काही दारू नव्हे"

हे वाक्य आम्ही प्रत्येक वाडीत ऐकतो. हिशेब करून पाहू. व्हिस्की किंवा रमच्या १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या बाटलीत सुमारे ४० ग्रॅम असते. म्हणजे दोन बाटल्या बिअर पिणारा क्वार्टर पिणाऱ्याच्या पुढेच गेला. माडी झाडाची, म्हणून ती 'नैसर्गिक' असे म्हणतात. पण अंमल चढतो तो तिच्यातल्या अल्कोहोलनेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या जानेवारीत स्पष्ट सांगितले आहे की दारूचे सुरक्षित म्हणता येईल असे प्रमाणच नाही.

हातभट्टीचा धोका वेगळा. २०१५ च्या जूनमध्ये मुंबईत मालाडच्या मालवणी भागात विषारी दारूने शंभरावर माणसे गेली. त्यातले विष मिथेनॉल होते. दारू प्यायल्यानंतर डोळ्यांपुढे धूसर दिसू लागले, पोटात दुखू लागले, श्वास जोरात चालू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

प्रत्येक देशाची पिण्याची रीत

माणूस एकटा पीत नाही. त्याच्या हातात पेला देणारी एक रीत असते. फ्रान्समध्ये जेवणाबरोबर वाईन ही रीत. तिथे रस्त्यावर लोळणारा कमी दिसतो, म्हणून ती रीत चांगली असे पुष्कळांना वाटते. पण त्याच देशात यकृत सडून मरणारे कमी नव्हते. १९६० नंतर फ्रेंच माणसाचे पिणे निम्म्याहून कमी झाले, १९९१ साली दारूच्या जाहिरातींवर कायद्याने कडक बंधने आली. म्हणजे 'आमची संस्कृतीच तशी' म्हणणारा देशही बदलतो.

रशियात व्होडकाची रीत. १९८५ साली गोर्बाचेव्ह यांनी दारूवर मोठा आळा घातला. पुरुषांचे सरासरी आयुष्य दोन-तीन वर्षांतच वाढले. पण लोक घरोघरी दारू गाळू लागले, त्यासाठी दुकानांतली साखर संपली, आणि मोहीम ढिली पडताच मृत्यू पुन्हा वाढले. बंदीने जीव वाचतात, हे खरे. पण ज्याला आजार जडला आहे, त्याच्या उपचाराची सोय बरोबरीने उभी राहिली नाही तर तो हातभट्टीकडे वळतो, हेही खरे.

आपल्या राज्याचा अनुभव याहून वेगळा नाही. मुंबई दारूबंदी कायदा १९४९ चा. आजही महाराष्ट्रात पिण्यासाठी परवाना लागतो, आणि बाटलीतल्या कडक दारूसाठी वय पंचवीस पूर्ण असावे लागते. किती जणांना हे ठाऊक आहे? शेजारच्या गोव्यात परवाना लागत नाही, दारू स्वस्त, आणि ती चोरट्या वाटेने आपल्याकडे येते. चंद्रपूरची दारूबंदी २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. तिथे २०१६ पासून 'मुक्तिपथ' या अभियानाने गावसंघटनांच्या जोडीला व्यसन सोडवणारे दवाखाने तालुक्यांत नेले. गडचिरोलीकडून शिकायचे ते हे, की बंदी आणि उपचार एकत्र चालले पाहिजेत.

आणि आपली रीत? भारतात पिणारे तसे कमी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातले सुमारे १४ टक्के पुरुष दारू पितात असे आढळले, स्त्रियांत हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहून कमी. पण जो पितो, तो चव घ्यायला कमी आणि चढायला जास्त पितो. जेवणाआधी, रिकाम्या पोटी, घाईघाईने. कोकणात पूर्वी राखणीला कोंबडा आणि दारू लागायची. धम्म स्वीकारल्यावर आपण राखण सोडली, पण दारू दुसऱ्या दाराने आत आली. हळदीच्या रात्री आली, चाकरमान्यांच्या बॅगेतून आली, मयत उरकल्यावर आली. आणि सांगायला लाज वाटते, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेच्या मागेही आली. ज्यांची जयंती, त्यांनी १९५६ च्या दीक्षेत आपल्याला दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली. हे सांगायला दुसऱ्या कोणाची गरज नाही, आपणच आपल्याला सांगावे.

सोडायला कोणाची सोबत? तीन देश, तीन वाटा

अमेरिका. १९३५ साली अॅक्रन शहरात दोन पिणारे माणसे भेटली, एक शेअर दलाल आणि एक सर्जन. दोघांच्या लक्षात आले की एका पिणाऱ्याने दुसऱ्या पिणाऱ्याशी मोकळेपणाने बोलले की त्या दिवशी दोघेही पीत नाहीत. यातून 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस' म्हणजे ए.ए. उभे राहिले. भारतात ते १९५७ पासून आहे. फी नाही, नाव-पत्ता विचारत नाहीत. आपल्या लोकांची एक अडचण असते : तिथे देवाचे, मोठ्या शक्तीचे नाव घेतात. आम्ही सांगतो, त्या शक्तीचा अर्थ ज्याने त्याने आपापला लावायचा, असे ए.ए. स्वतःच मानते. तिथे बसलेला समूह हीच आपली शक्ती असे मानणारे तिथे पुष्कळ आहेत. आपल्याला संघ शब्द नवा नाही.

जपान. तिथे ऑफिस सुटल्यावर साहेबांबरोबर पिणे हा कामाचाच भाग मानला जाई. ए.ए. चा विचार तिथे पोहोचला, पण जपानी माणसांनी तो आपल्या मातीत लावला. त्यांच्या मंडळांना 'दानशुकाई' म्हणतात, म्हणजे दारू सोडणाऱ्यांची सभा. १९६३ साली त्यांचा देशभराचा महासंघ झाला. तिथे नाव लपवत नाहीत. आणि नवऱ्याबरोबर बायकोही सभेला बसते, तीही आपले बोलते. आपल्या वाडीत कोण पितो हे सगळ्यांना माहीतच असते. मग नाव लपवण्यापेक्षा घरच्या माणसांसकट बसणे आपल्याला जवळचे वाटेल, असे आमचे मत आहे.

थायलंड. हा बौद्ध देश, तरीही तिथे दारू पुष्कळ. २००३ पासून तिथे दरवर्षी वर्षावासाचे तीन महिने दारू सोडण्याची मोहीम चालते. घरातली लेकरे वडिलांना विनंती करतात, गावाच्या विहारात नोंद होते. वर्षावास आपणही पाळतो. आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत संध्याकाळी ग्रंथवाचन होते, वाडी जमते. ज्या तीन महिन्यांत माणसे रोज एकत्र येतात, त्या तीन महिन्यांत दारू सोडणाऱ्याला एकटे वाटत नाही. ही सोय आपल्याकडे तयारच आहे, आपण ती वापरलेली नाही.

उपचार कुठे मिळतो

२०१९ साली केंद्र सरकारने प्रसिद्ध केलेल्या सर्वेक्षणानुसार दारूच्या आहारी पूर्ण गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काहीतरी उपचार मिळतो. उरलेले ३७ का मिळवू शकत नाहीत? पैसे नाहीत, अंतर फार, मजुरी बुडते. पण आमच्या अनुभवात सगळ्यांत मोठे कारण लाज. आम्ही वॉर्डात असताना दारूमुळे फिट आलेल्या माणसाला 'बेवडा' म्हणून शेवटच्या कॉटवर टाकलेले पाहिले आहे. खोटे कशाला बोलू, त्या वॉर्डात आम्हीही कधी कधी त्याच शब्दाने हाक मारली. आज त्याची खंत आहे.

आता नीट लक्षात ठेवा :

• १४४४६ : नशामुक्तीसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन. फोन फुकट. घरचे माणूसही करू शकते.

• १४४१६ : टेली-मानस, मनाच्या आजारांसाठी सरकारी सेवा. ही ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. मराठीत बोलता येते.

• रत्नागिरीत : आधी जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, मग जिल्हा रुग्णालय. रत्नागिरी शहरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. अशी मोठी सरकारी मनोरुग्णालये राज्यात चारच जिल्ह्यांत : ठाणे, पुणे, नागपूर आणि आपली रत्नागिरी. 'वेड्यांचे हॉस्पिटल' म्हणून आपण त्याच्या फाटकापाशी थांबतो. बाकीचे जिल्हे अशा सोयीसाठी एसटीने दिवसभर प्रवास करतात.

• पुण्यात : मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते १९८६ साली सुरू केले, पु. ल. देशपांडे यांच्या देणगीचा त्याला आधार होता. त्याची सुरुवातही येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारातच झाली, हे लाजणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

• मुंबईतल्या चाकरमान्यांसाठी : सरकारी आणि महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयांतले मानसोपचार विभाग, ए.ए. च्या सभा, आणि १९८१ पासून काम करणारे कृपा फाउंडेशन.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनातून होणारे मनाचे आजारही येतात. सरकारी दवाखान्यात सन्मानाने उपचार मिळणे हा त्यानुसार आपला हक्क आहे. कोणी अपमान केला तर गप्प बसून घरी येऊ नका. सोबत कार्यकर्ता न्या, लेखी तक्रार करा.

घरच्या बाईसाठी

न सांगता चहात गोळी किंवा पावडर घालू नका. दारू सोडवण्याची एक गोळी अशी आहे की ती पोटात असताना दारू घेतली तर रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. ती फक्त डॉक्टरांच्या सल्ल्याने, रुग्णाला माहिती देऊन आणि त्याच्या संमतीने द्यायची असते. मंतरलेल्या पाण्याने आणि जाहिरातीतल्या पुडीने पैसे जातात, आजार राहतो.

मारहाण हा आजाराचा भाग म्हणून सहन करू नका. ११२ ला फोन करा, मुलांना घेऊन सुरक्षित घरी जा. नवरा पितो याचा दोष तुमच्या स्वयंपाकाचा नाही, बोलण्याचाही नाही. आणि घरातली बाईच पीत असेल तर तिला कोंडून ठेवू नका. तिलाही तोच आजार, तोच उपचार.

गावात दुकानच नको असेल तर तोही हक्क आहे. राज्याच्या २००८ च्या आदेशाप्रमाणे २५ टक्के महिला मतदारांनी लेखी मागणी केली तर गुप्त मतदान घेता येते. निम्म्याहून जास्त मते 'आडव्या बाटली'ला पडली तर दुकान बंद होते.

पुन्हा प्यायला तर?

पुष्कळ जण पुन्हा पितात. आठ महिन्यांनी हळदीत, नाहीतर वडील गेल्याच्या रात्री. मग तो विहाराकडे फिरकत नाही. वाडी म्हणते, "शील मोडलं, संपला." इथेच माणूस खरा हरतो.

आपण पंचशील एकदाच का घेत नाही? प्रत्येक वंदनेला पुन्हा का घेतो? कारण पालीत त्याला सिक्खापद म्हणतात, म्हणजे शिकण्याची पायरी. शिकणारा अडखळतो, म्हणून पायरी रोज समोर ठेवलेली आहे. पाचवे शील सांगताना दारूला बेसावधपणाची जागा म्हटले आहे, पिणाऱ्याला पापी म्हटलेले नाही. तेव्हा जो घसरला त्याच्या घरी दुसऱ्याच दिवशी जा. "का प्यायलास?" हे विचारू नका. "दवाखान्यात कधी जायचं? मी येतो बरोबर," असे म्हणा.

सुरुवातीला सांगितलेले काकाही मध्ये एकदा घसरले. त्यांच्या घरी वाडीतले दोघे जण गेले आणि त्यांना ओपीडीत घेऊन आले. आज ते रविवारच्या वंदनेनंतर अर्धा तास थांबतात. तीन-चार घरची माणसे बसतात, बायकाही बसतात. चहा होतो. कोणी बोलते, कोणी नुसते ऐकते.

विहारात वाचून चर्चा करण्यासाठी

पिणाऱ्याने स्वतःलाच हे चार प्रश्न विचारावेत. आपण कमी करायला हवी असे कधी वाटले का? कोणी पिण्यावरून बोलले की राग येतो का? पिण्याबद्दल मनात अपराधी वाटते का? सकाळी उठल्यावर घोट लागतो का? दोन उत्तरे 'हो' असतील तर डॉक्टरांना भेटण्याची वेळ झाली आहे.

वाडीने स्वतःला हे तीन विचारावेत. येत्या वर्षावासात दारू सोडू इच्छिणाऱ्याला संकल्पाच्या आधी दवाखान्यात कोण नेणार? पहिले चार दिवस रात्री त्याच्या घरी कोण थांबणार? आणि यंदाच्या जयंतीच्या मिरवणुकीत पिऊन नाचणाऱ्याला बाजूला घेऊन कोण बोलणार?

तिन्ही प्रश्नांपुढे वाडीतल्या माणसांची नावे लिहा. कागद विहाराच्या भिंतीवर लावा. त्यावर १४४४६, १४४१६ आणि १०८ हे आकडे मोठ्या अक्षरांत असू द्या.

जयभीम.